निवड ते हजेरी : राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाण्याची पूर्वतयारी

मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर कल्याणनंतरचे पहिले स्थानक विठ्ठलवाडी होय. कल्याण पूर्वेची दाट वस्ती आणि उल्हासनगर यांच्या सीमेवर हे स्थानक वसले आहे. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या याच रुळांवरून जातात. मात्र त्या येथे थांबत नाहीत. त्यामुळे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल होण्यासाठी निघालेल्या विठ्ठलवाडीच्या विद्यार्थ्याला आधी लोकलने उलट दिशेस कल्याणला यावे लागते. कल्याण ते पुणे हे अंतर रेल्वेने सुमारे १३८ किलोमीटर आहे. हा प्रवास अर्ध्या दिवसाचाही नाही. परंतु गुणवत्ता यादीत नाव लागल्यापासून प्रबोधिनीच्या दारात पाऊल ठेवीपर्यंतच्या काही आठवड्यांत जी तयारी करावी लागते, ती बहुतेक कुटुंबांना अपरिचित असते. या तयारीचा मोठा भाग विद्यार्थ्याच्या हाती नसून शाळा, तहसील कार्यालय, पोलीस ठाणे आणि स्थानिक लोकप्रतिनिधी यांच्या हाती असतो. म्हणूनच या विषयाचा सविस्तर परिचय करून घेणे उपयुक्त ठरेल.

लष्करी जीवन या परिसराला नवे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळच्या या माळावर सैनिकांसाठी मोठा तळ उभारण्यात आला होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना याच तळाच्या बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव देण्यात आले. कॅम्प क्रमांक आणि बॅरेक क्रमांक सांगून पत्ता देण्याची येथील पद्धत त्या तळाचीच आठवण होय. पुढे अंबरनाथला आयुधनिर्माणी उभी राहिली आणि येथील अनेक कुटुंबांची संरक्षण खात्याशी रोजगाराच्या निमित्ताने ओळख झाली. तथापि सैन्यासाठी वस्तू घडविणे वेगळे आणि सैन्याचा अधिकारी होण्यासाठी घर सोडणे वेगळे.

प्रबोधिनीची पार्श्वभूमी

तिन्ही सेनादलांच्या भावी अधिकाऱ्यांना सुरुवातीची वर्षे एकत्र शिक्षण द्यावे, ही या संस्थेमागील मूळ कल्पना. त्यानुसार १ जानेवारी १९४९ रोजी डेहराडून येथे संयुक्त सेवा शाखा सुरू झाली. त्याच वर्षी ६ ऑक्टोबर रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते खडकवासला येथे कायम वास्तूची कोनशिला बसविण्यात आली. या वास्तूसाठी लागणारी जमीन त्या वेळच्या मुंबई राज्याने दिली. डिसेंबर १९५४ मध्ये प्रबोधिनीचे कामकाज येथे सुरू झाले आणि १६ जानेवारी १९५५ रोजी तिचे रीतसर उद्‌घाटन झाले. 'सेवा परमो धर्मः' हे तिचे ब्रीद आहे.

येथील शिक्षण तीन वर्षांचे, म्हणजे सहा सत्रांचे असते. यशस्वी छात्रांना दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. त्यानंतर भूदलाचे छात्र डेहराडूनला, नौदलाचे एळिमला येथे आणि वायुदलाचे हैदराबादजवळील दुंडिगल येथे पुढील प्रशिक्षणासाठी जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर मुलींनाही या प्रवेशपरीक्षेस बसण्याची मुभा मिळाली. मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली आणि त्यांपैकी १७ जणींनी ३० मे २०२५ रोजी प्रबोधिनीतील शिक्षण पूर्ण केले. त्यामुळे या लेखात जे सांगितले आहे, ते मुलगे व मुली या दोघांनाही लागू आहे.

निवड म्हणजे नेमके काय?

केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रवेशासाठी वर्षातून दोनदा लेखी परीक्षा घेतो. गणिताचे ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीचे ६०० असे लेखी परीक्षेला ९०० गुण असतात. त्यात उत्तीर्ण होणाऱ्यांना सेवा निवड मंडळापुढे जावे लागते. तेथील चाचण्या व मुलाखतीलाही ९०० गुण असतात आणि ही प्रक्रिया सुमारे पाच दिवस चालते. मग वैद्यकीय तपासणी होते आणि शेवटी गुणवत्ता यादी प्रसिद्ध होते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गुणवत्ता यादीत नाव येणे आणि हजर होण्याचे पत्र मिळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. उपलब्ध जागा, उमेदवाराने दिलेला सेनादलांचा पसंतीक्रम, वैद्यकीय पात्रता आणि मूळ प्रमाणपत्रांची पडताळणी या सर्वांचा मेळ बसल्यावरच पत्र निघते. यादीत खालच्या क्रमांकावर असलेल्या उमेदवाराला कधी वाट पाहावी लागते, तर कधी वरचा उमेदवार न आल्याने त्याला अचानक बोलावणे येते. म्हणून यादीत नाव दिसताच मिरवणूक काढणे जितके घाईचे, तितकेच पत्र येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणे चुकीचे. नवे वर्ग साधारणपणे जानेवारी व जुलै महिन्यांत सुरू होतात. पत्र हाती पडल्यावर उरणारा काळ अनेकदा अगदी थोडा असतो.

कागदपत्रांची शिस्त

या प्रवेशासाठी जन्मतारीख आणि नाव यांचा मुख्य आधार म्हणजे दहावीचे प्रमाणपत्र. महाराष्ट्राच्या राज्य मंडळाच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग विद्यार्थ्याचे नाव आणि मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. आधारपत्रावर बहुधा आधी विद्यार्थ्याचे नाव आणि शेवटी आडनाव येते. एखाद्या कागदावर वडिलांचे नाव गाळलेले असते, तर एखाद्यावर इंग्रजी स्पेलिंग वेगळे असते. उल्हासनगर परिसरातील सिंधी आडनावांच्या बाबतीत हा फरक विशेष आढळतो. घरात एकच असलेला मुलगा कागदावर तीन मुलगे होऊन बसतो आणि हा घोळ निस्तरण्यात मोलाचे दिवस जातात.

यावर उपाय सोपा आहे. विद्यार्थ्याने अर्ज भरण्यापूर्वीच दहावीचे प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधारपत्र एका रांगेत मांडून त्यांवरील नाव, जन्मतारीख व आई-वडिलांची नावे अक्षरशः पडताळून पाहावीत. दहावीच्या प्रमाणपत्रातच चूक असेल तर ती मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडून दुरुस्त करून घ्यावी. ठाणे जिल्हा मुंबई विभागीय मंडळाच्या कक्षेत येतो आणि या मंडळाचे कार्यालय वाशी येथे आहे. ही दुरुस्ती दोन दिवसांत होणारी नव्हे, हे ध्यानात ठेवून तिला लवकर हात घालावा.

दुसरी बाब चारित्र्य पडताळणीची. उमेदवार पूर्वी कोठे कोठे राहिला, याची माहिती त्यासाठी द्यावी लागते. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, बदलापूर या भागांत भाड्याच्या घरात राहणारी अनेक कुटुंबे दर काही वर्षांनी घर बदलतात. कल्याण पूर्वेतून विठ्ठलवाडीस, तेथून अंबरनाथला आणि मग बदलापूरला अशी घरे बदललेल्या कुटुंबाने प्रत्येक पत्ता, तेथील वास्तव्याचा काळ आणि संबंधित पोलीस ठाणे यांची यादी आधीच तयार ठेवली, तर चौकशी रखडत नाही. मूळ गाव सातारा, जळगाव वा अन्य जिल्ह्यात असेल तर तेथील पत्ताही यादीत असावा.

मूळ कागदपत्रांच्या छायाप्रती काढून त्यांचा एक संच घरी ठेवावा. प्रबोधिनीकडून आलेले पत्र मुलाने, पालकांनी आणि एखाद्या शिक्षकाने असे तिघांनी वाचावे. त्यात जे मागितले आहे तेच न्यावे. शेजाऱ्याच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी काय नेले होते, यावर विसंबून राहू नये, कारण सूचना बदलत असतात.

पालकांची सही

पालकांना ज्या कागदांवर सही करावी लागते, त्यांचा अर्थ समजून घेणे ही पूर्वतयारीतील सर्वांत गंभीर गोष्ट आहे. निवास, भोजन, पुस्तके, गणवेश आणि औषधोपचार यांसह प्रशिक्षणाचा खर्च शासन करते. खिशाखर्च आणि इतर खाजगी खर्च मात्र पालकांनी करावयाचा असतो. ज्या पालकांचे मासिक उत्पन्न नियमाने ठरविलेल्या मर्यादेपेक्षा कमी आहे, त्यांना या खर्चासाठी शासकीय साहाय्य मिळू शकते. त्यासाठीचा अर्ज अंतिम निवड होताच आपल्या जिल्हाधिकाऱ्यांमार्फत प्रबोधिनीच्या कमांडंटकडे पाठवावयाचा असतो. या तरतुदीची माहिती नसल्यामुळे गरजू पालक हातउसने पैसे काढण्याच्या विचारात पडतात. तहसील कार्यालयातील कर्मचाऱ्यांना ही तरतूद ठाऊक असेल, तर उत्पन्नाचा दाखला वेळेवर मिळून असा अर्ज मार्गी लागतो.

बंधपत्राचे दोन भाग ध्यानात घ्यावेत. पहिला भाग असा की, स्वतःच्या आवाक्यातील कारणासाठी छात्राने प्रशिक्षण अर्धवट सोडले किंवा शेवटी अधिकारपद स्वीकारले नाही, तर त्याच्यावर झालेला खर्च परत करण्याची जबाबदारी येऊ शकते. दुसरा भाग असा की, प्रशिक्षणात इजा झाल्यास भरपाईचा दावा करता येणार नाही, हे पालकांनी मान्य केलेले असते. याचा अर्थ इजा झालेल्या छात्राकडे पाहिलेच जात नाही असा नव्हे. प्रशिक्षणामुळे अपंगत्व आलेल्यांसाठी सानुग्रह साहाय्याची तरतूद आहे. पण ते साहाय्य पुरेसे आहे काय, हा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा छात्रांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली आणि त्याच महिन्यात संरक्षण मंत्रालयाने त्यांना माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेचा लाभ देण्याचा निर्णय केला. पालकांना हे सारे सही करण्यापूर्वी समजावून सांगितले पाहिजे. सत्य सांगितल्याने कोणाचा उत्साह मावळतो, असे मानण्याचे कारण नाही. समजून दिलेली संमती हीच पुढे कठीण प्रसंगी टिकते.

शरीराची तयारी

नव्या छात्रांना पहिल्या सत्रात जो त्रास होतो, त्याचे एक मोठे कारण अचानक वाढलेले श्रम हे असते. आयोगाच्या सूचनांतच उमेदवारांसाठी एक नित्यक्रम सुचविलेला आहे. २.४ किलोमीटर अंतर १५ मिनिटांत धावणे, दोरीवरच्या उड्या, किमान २० जोर, किमान २० उठाबैठकांसारखा पोटाचा व्यायाम, आडव्या दांड्याला लोंबकळून किमान ८ वेळा हनुवटी वर नेणे आणि ३ ते ४ मीटर दोरावर चढणे, असा तो क्रम आहे. ही केवळ सुरुवातीची पायरी आहे, हे लक्षात ठेवावे.

दम आणि स्नायू काही आठवड्यांत वाढतात. पण हाडांना वाढीव भार पेलण्याची सवय त्याहून सावकाश होते. त्यामुळे सहा महिने अभ्यासाच्या खुर्चीत बसलेला विद्यार्थी पत्र येताच रोज दहा किलोमीटर धावू लागला, तर त्याचा दम टिकतो, पण नडगीचे हाड दुखावते. अशी इजा घेऊन प्रबोधिनीत गेलेल्या छात्राचे पहिले सत्र रुग्णालयात जाण्याचा धोका असतो.

म्हणून आठ आठवड्यांची आखणी पुढीलप्रमाणे करता येईल. पहिल्या दोन आठवड्यांत आठवड्यातून चार दिवस चालणे आणि धावणे आलटून पालटून करावे. तिसऱ्या व चौथ्या आठवड्यात न थांबता सावकाश २.४ किलोमीटर धावण्याचे लक्ष्य ठेवावे. पाचव्या व सहाव्या आठवड्यात अंतर थोडे थोडे वाढवावे आणि दांड्याचे व दोराचे व्यायाम नियमित करावेत. सातव्या आठवड्यात वेळ मोजून धावावे. आठव्या आठवड्यात श्रम निम्म्यावर आणून शरीराला विश्रांती द्यावी. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विसावा असावा. नडगीवर बोटाने दाखविता येईल अशा एकाच जागी दुखू लागले, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. नवे बूट शेवटच्या दिवशी न घेता महिनाभर आधी घेऊन पायात रुळवावेत.

पोहण्याचे शिक्षण प्रबोधिनीत दिले जाते. परंतु पाण्याची भीती आधीच गेलेली असल्यास ते सोपे जाते. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली तरणतलावातच पोहणे शिकावे. जुलैच्या वर्गासाठी तयारी करणाऱ्यांनी पावसाळ्यात उल्हास नदीत वा बारवी परिसरातील पाण्यात उतरण्याचे धाडस मुळीच करू नये. दुचाकीवरील भटकंती, अंगावर गोंदवून घेणे आणि झटपट वजन वाढविणारी वा घटविणारी औषधे यांपासूनही या काळात दूर राहावे.

भाषा आणि अभ्यास

मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला प्रबोधिनीत सर्वांत आधी जाणवते ती इंग्रजी बोलण्याची अडचण. तेथील अध्यापन आणि आज्ञा समजण्यासाठी अलंकारिक इंग्रजीची गरज नसते. ऐकलेले नीट समजणे आणि थोडक्यात, स्पष्ट उत्तर देणे एवढे जमले तरी पुष्कळ होते. रोज वृत्तपत्रातील एक बातमी मोठ्याने वाचून तिचा आशय पाच वाक्यांत सांगण्याचा सराव शिक्षकांनी करून घ्यावा. देशाच्या सर्व भागांतून मुले येत असल्याने हिंदीचा सरावही उपयोगी पडतो. गणित व भौतिकशास्त्राची बारावीची पुस्तके रद्दीत देण्याची घाई करू नये, कारण पदवीच्या अभ्यासाचा पाया तोच आहे.

घराची तयारी

पहाटे उठणे, स्वतःचे कपडे धुणे व इस्त्री करणे, बूट चमकविणे, बटण शिवणे, अंथरूण नीट घालणे आणि ठरल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी हजर असणे, या गोष्टी लहान वाटतात. ज्या घरात ही कामे आई वा बहीण करते, त्या घरातील मुलाला पहिल्या आठवड्यात त्यांचेच ओझे सर्वाधिक वाटते. म्हणून पत्र येताच घरातील ही कामे त्याच्याकडे सोपवावीत. ही शिक्षा नव्हे. ती खरी मदत होय.

पालकांनाही तयारी करावी लागते. प्रबोधिनीत छात्राचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत बांधलेला असतो. वाटेल तेव्हा दूरध्वनीवर बोलणे शक्य नसते. काही दिवस निरोप आला नाही म्हणून आईने घाबरून जाऊ नये. पहिल्या पत्रात वा संभाषणात मुलगा थकलेला, क्वचित रडवेला वाटला, तर 'परत ये' असेही म्हणू नये आणि 'तोंड दाखवू नकोस' असेही म्हणू नये. त्याचे शांतपणे ऐकून घ्यावे आणि निर्णयासाठी काही आठवडे जाऊ द्यावेत. मात्र प्रकृतीची खरी तक्रार असेल, तर ती लपविण्यास कधीही सांगू नये.

शाळा, कार्यालये आणि पंचायती

अशा विद्यार्थ्यांची संख्या एका गावात वा प्रभागात थोडी असते. त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी यंत्रणा नसते. तरी प्रत्येक घटकाला थोडेथोडे करता येण्यासारखे आहे. शाळांनी पहाटे मैदान खुले करून द्यावे, आडवा दांडा व दोर यांची सोय करावी आणि एखाद्या शिक्षकाकडे कागदपत्रांच्या पडताळणीचे काम सोपवावे. तहसील कार्यालयाने उत्पन्नाच्या दाखल्याचा असा अर्ज आल्यास हजर होण्याची तारीख पाहून त्याला अग्रक्रम द्यावा. अंबरनाथ तालुक्यातील ग्रामपंचायतींनी रहिवासाबाबतची माहिती विनाविलंब पुरवावी. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी संपर्क साधल्यास माजी सैनिकांकडून प्रत्यक्ष मार्गदर्शन मिळू शकते.

लवकर तयारी सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी राज्यात काही संस्था आहेत. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ मध्ये सुरू झाली. वायुदलप्रमुखपद भूषविलेले प्रदीप नाईक हे तिचे विद्यार्थी होत. राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून औरंगाबाद येथे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दहावीनंतरच्या मुलांना तयार करीत आली आहे. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये नाशिक येथे सुरू झाली. आठवी-नववीतील विद्यार्थ्यांना शिक्षकांनी या संस्थांची माहिती द्यावी, म्हणजे बारावीनंतरची धावपळ टळेल.

सत्काराविषयी एक शब्द सांगणे अगत्याचे आहे. गावाचा वा वस्तीचा मुलगा निवडला गेला की चौकात फलक लागतात, हारतुरे होतात. हा आनंद स्वाभाविक आहे. पण प्रबोधिनीत गेलेला प्रत्येक छात्र तीन वर्षे पूर्ण करतोच असे नाही. कोणी आजारामुळे, कोणी इजेमुळे, तर कोणी स्वभाव न जुळल्यामुळे परत येतो. कोणाला एखादे सत्र पुन्हा करावे लागते. ज्याचे छायाचित्र फलकावर झळकले, त्यालाच परत येऊन त्या चौकातून जावे लागते. म्हणून सत्कार बेताचा असावा. त्या खर्चातून शाळेच्या मैदानावर एक दांडा व एक दोर कायमचा बसविला, तर त्या विद्यार्थ्याचा सन्मानही होईल आणि मागून येणाऱ्या मुलामुलींची सोयही.

निघण्याच्या दिवशी हाती थोडे सामान, एका पाकिटात सर्व मूळ कागद आणि एक जादा दिवस असावा. पावसाळ्यात उपनगरी गाड्या विस्कळीत होतात, घाटात रेल्वे वाहतूक खोळंबते. हे ओळखून शक्य तर आदल्या दिवशीच पुण्यास पोहोचावे. पुण्यापासून खडकवासला सुमारे १७ किलोमीटरवर आहे. तेथपर्यंत मुलाला पोहोचविण्याचे काम कुटुंब करते. पण त्याचे कागद वेळेवर झाले, त्याच्या पायांना धावण्यासाठी मैदान मिळाले आणि त्याच्या आई-वडिलांनी समजून सही केली, हे पाहण्याचे काम त्याच्या शाळेचे, कार्यालयांचे आणि पंचायतीचे आहे. ते वेळेवर झाले, तर विठ्ठलवाडीच्या फलाटावरून कल्याणकडे निघालेल्या विद्यार्थ्याला वाटेत फक्त प्रवासाचीच काळजी उरेल.